यंदा येसूंचा गणपती

"मग काकी, नवी व्हॅन कुठल्या रंगाची घेणार?"

देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंडळाची बैठक नुकतीच संपली होती. बायका प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होत्या, वारा शेडच्या पत्र्याशी खेळत होता आणि माझी सात महिन्यांची रेवा पार्बतीकाकीच्या मांडीवर बसून तिच्या व्हॅनच्या किल्ल्या चावत होती. प्रश्न रोशनदादांचा. सगळे हसले.

"आधी देव घरी येऊ दे," काकी म्हणाली. "मग बघू रंग."

मीही हसले. मग हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिले, कारण मला तो विनोद कळला नव्हता.

मी मूळची देवरुखची. लग्न होऊन मॉरिशसला आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. इथल्या मराठी लोकांत पणजोबाचं नाव हेच आडनाव झालेलं आहे. महादू, धोंडू, सखाराम, येसू. बोटीतून उतरलेल्या माणसाला नाव विचारलं, त्यानं स्वतःचं सांगितलं, ते कागदावर चढलं आणि खाली सगळ्या पिढ्यांना लागलं. लोक बोलतात क्रिओल, आरत्या म्हणतात मराठीत. (हे सगळं बोलणं क्रिओलमधलंच आहे, मी ते मराठीत उतरवतेय.) मोर्न रूज नावाचं आमचं गाव उसाच्या रानात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचा मोठा गणपती एकच. तो आळीपाळीनं चार घरांत बसतो आणि ज्याच्या घरी बसेल त्यानं सगळ्या गावाला जेवू घालायचं.

त्या दिवशीच्या बैठकीत थोडी हुज्जतही झाली होती. म्हातारे सखाराम म्हणत होते की यंदा पाळी आमची. रोशनदादा महादूंनी बोटांवर मोजून दाखवलं.

"आमचे बाबा गेले त्या वर्षी आम्हाला सुतक होतं. म्हणून आमच्या जागी तुम्ही बसवलात. तुमचा आम्ही पुढच्या वर्षी घेतला. मग धोंडू. मग आता येसू, आपली पार्बतीकाकी."

"हां, सुतक," सखाराम म्हणाले आणि विषय मिटला.

घरी जाताना मी काकीला विचारलं, "गणपतीचा आणि नव्या व्हॅनचा काय संबंध गं?"

"संबंध म्हणजे? ज्याच्या घरी गणपती, त्याला शाळेचं काम. नाहीतर एवढा खर्च माणसानं कुठून करायचा?"

ही चारही घरं व्हॅनवाली. रोशनदादांच्या दोन, बाकीच्यांच्या एक-एक. काकी नवरा गेल्यावर स्वतः चालवायला शिकली होती. डोंगराकडच्या भागातली जी मुलं चालू शकत नाहीत, ज्यांना वेगळ्या शाळेत न्यावं लागतं, त्यांच्या ने-आणीचं सरकारी काम दर वर्षी गणपतीनंतर निघायचं.

"पण ते टेंडर असतं ना, काकी? बंद पाकिटात भाव भरायचा असतो."

"भरतो की. ज्याची पाळी तो नीट भरतो. बाकीचे जरा वरचा आकडा घालतात."

"आणि कुणी मुद्दाम कमी घातला तर?"

काकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की नैवेद्याचं पान कुणी पळवलं तर.

"कशाला घालेल? त्याची पाळी येणारच असते."

रेवा तिच्या खांद्यावर झोपली होती आणि झोपेतही किल्ल्या सोडत नव्हती.

काकीच्या समजुतीप्रमाणे मी 'भाव बघायच्या ऑफिसात' होते. तांदूळ, तेल, दुधाची पावडर दुकानदार महाग तर विकत नाहीत ना, ते बघणारं ऑफिस. खरं तर आमचं काम नेमकं हे होतं: व्यापाऱ्यांनी एकमेकांत ठरवून भाव लावले, टेंडरं वाटून घेतली, तर ते शोधणं आणि दंड करणं. स्पर्धेचा कायदा. दिवसा रेवाला तीच सांभाळायची, गावातल्या शाळकरी मुलांची सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांच्या मधल्या वेळात. म्हणजे मी ज्या कामावर जात होते, त्या कामावर मला जाता यावं म्हणून माझं मूल जिच्या मांडीवर होतं, ती हे सांगत होती. अगदी सहज. कारण तिच्या लेखी ते लपवण्यासारखं नव्हतंच.

मिस्टर रिव्हे आमचे तपास-प्रमुख. उंच, वाकलेले, चष्मा सतत कपाळावर. मोर्न रूजच्या व्हॅनचं प्रकरण त्यांच्या टेबलावर आधीच पडलेलं होतं. डोंगरावरच्या वस्तीतल्या एका आईनं तक्रार केली होती. तिची एमेली दहा वर्षांची, चाकांच्या खुर्चीत. व्हॅनचा भाव दर वर्षी चढत गेला, सरकारचे पैसे पुरेनात, तेव्हा सगळ्यात लांबचा रस्ता बंद केला. तो एमेलीचा. दोन वर्षं ती घरी होती.

"वाटून घेतात हे दिसतंय," मिस्टर रिव्हे मागच्याच महिन्यात सगळ्यांना म्हणाले होते. "पण कुठल्या हिशेबानं? पाळीनं घेत असतील तर क्रम सरळ यायला हवा. तीन वर्षांपूर्वी तो मध्येच उलटा झालाय. कोर्टात वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. म्हणेल, बघा, पाळीबिळी काही नाही, ज्याला परवडलं त्यानं घेतलं."

तेव्हा मीही त्या उलट्या वर्षाकडे बघून मान हलवली होती. आता मला माहीत होतं. ते सुतक होतं.

दोन दिवस मी त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन परत फिरले. घरी भाताला शिट्या किती झाल्या ते विसरायची. रेवाला दात येत होते, ती रडायची आणि मी तिला घेऊन बाहेरच्या ओट्यावर येरझारा घालायची. कोण कुणाला झोपवतंय कळत नव्हतं. नवऱ्याला, किशनला, अर्धंच सांगितलं, तरी त्याला पूर्ण कळलं.

"तुझं काम तू कर," तो म्हणाला. "फक्त गणपतीत आपल्या पानावर कुणी वाढलं नाही तर मला विचारू नकोस, का म्हणून."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रेवाच्या पायात मोजे घालत होते. ती पाय झाडत होती, एक मोजा घातला की दुसरा काढत होती. मला एकदम एमेलीची आई दिसली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळी मुलीचे केस विंचरत असेल का ती, शाळा नसतानाही? त्या दिवशी मी मिस्टर रिव्हेंच्या खोलीत आत गेले.

ऐकून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्या उलट्या वर्षाकडे बराच वेळ पाहिलं.

"सुतक म्हणजे घरात माणूस गेलं की सण नाही?"

"हो."

"आणि सण नाही म्हणून टेंडर नाही."

"हो."

"आम्ही यावर तीन अर्थतज्ज्ञ बसवले होते," ते म्हणाले.

"सर, त्या चौघांतल्या एक बाई माझ्या मुलीला सांभाळतात."

"साहजिक आहे. माझी मुलगी धोंडूंच्या व्हॅननं शाळेत जायची. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंचं लग्न सखारामांच्या भाच्यानं जमवलं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठला तरी मोठा देश होता. या बेटावर कुणालाच न ओळखणारा अधिकारी हवा असेल तर तो विमानातून उतरवावा लागेल, आणि दुसऱ्या रविवारी त्यालाही कुणीतरी जेवायला बोलावेल." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुला या प्रकरणातून काढतोय. यापुढे तू ही फाईल बघायची नाही आणि याबद्दल बोलायचं नाही. बाहेरच्या टेबलावर बस. येणाऱ्याचं नाव घ्यायचं, वेळेचा शिक्का मारायचा, आत पाठवायचं."

आठवडाभरात चौकशी जाहीर झाली. वर्तमानपत्रात गावाचं नाव होतं, घरांची नव्हती. घरांची नावं छापायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेवाला सोडायला गेले तर काकीच्या पडवीत तेच पान पसरलेलं आणि त्यावर खोबरेल तेलाची वाटी. तिनं रेवाला पायांवर घेतलं, तेल चोळायला सुरुवात केली. मी उंबऱ्यापाशीच रेंगाळले. बस चुकणार होती.

"यात माझं नाव नाही," काकी म्हणाली. "पण मीच आहे ना?"

"काकी, मला यावर बोलायची परवानगी नाही."

"मग कशावर आहे?"

"कायद्यात काय लिहिलंय ते कुणालाही सांगू शकते."

"सांग मग. मी कुणीही."

मी सांगितलं. चौघांनी मिळून भाव ठरवले असतील तर चौघांना दंड. पण त्यातला जो स्वतःहून येऊन सगळं खरं सांगेल त्याला पूर्ण माफी. त्याच्यानंतर येईल त्याचा दंड अर्धा. बाकीच्यांना कमी-जास्त काही नाही, सगळा.

"जो पहिला, तो कसा ठरवणार?"

"जो आमच्या ऑफिसच्या दारातून आधी आत येईल तो."

काकीचे हात थांबले. मग ती हसायला लागली, इतकी की रेवाही हसली.

"हा कुठला न्याय गं? चौघांनी मिळून खायचं, आणि जो आधी हात धुवायला उठला तो उपाशी होता म्हणायचं?"

"तसंच आहे ते. कुणी उठतच नाही ना एरवी, म्हणून."

"नाहीच उठणार. मी या लोकांच्या पंगतीत चाळीस वर्षं बसलेय. माझा नवरा गेला तेव्हा या रोशननं वर्षभर माझी व्हॅन फुकट दुरुस्त केली. आता मी मध्येच उठून सांगू, कुणी किती वाढून घेतलं?"

तिला सांगायला हवं होतं की दंड भरायचा तर तिची व्हॅन जाईल आणि व्हॅन गेली तर तिच्याकडे उरेल फक्त ड्रायव्हिंग लायसन्स. पण ते तिला माहीत होतं. मी दुसरंच बोलले.

"त्या पानावर खाली एमेलीचं लिहिलंय. वाचलंस?"

तिनं वाटी उचलली. तेलाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, त्याच्या आत ती बातमी.

"एमेलीला मी नेत होते," ती म्हणाली. "मागच्या पाळीला. बसल्यावर गाणी म्हणायची, एकच ओळ, परत परत. मग पुढे तो रस्ता बंद झाला. मला म्हणाले, पैसे नाहीत. कुणाकडे नाहीत, का नाहीत, मी नाही विचारलं." वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "हे तू सांगितलंस का तिथे? आपलं, पाळीचं?"

ऊस भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला. मागे पाचट उडत राहिलं.

"हो," मी म्हणाले.

काकीनं रेवाला उलटं केलं, पाठीला तेल लावलं, मानेपासून खाली, सावकाश, जसं रोज लावायची तसं. माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं झालं, खोटं नाही बोललीस," ती म्हणाली. "जा, बस येईल तुझी. आणि उद्या हिला लवकर आण, ऊन वर आलं की तेल नीट मुरत नाही."

बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी पोर्ट लुईला, आमच्या ऑफिसपाशी उतरेपर्यंत, उभी राहिले.

पुढचे दिवस मी त्या बाहेरच्या टेबलावर काढले. समोर काचेचं दार, दारापलीकडे दोन लिफ्ट, लिफ्टच्या वर मजल्यांचे लाल आकडे. आकडा चढायला लागला की माझ्या हातातलं पेन थांबायचं. चार, पाच, सहा. सातवा आमचा. दार उघडायचं, कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन यायचं. कधी पलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असलेला गालाला हात लावलेला माणूस. गावात म्हणत होते, धोंडू कुणाचंच ऐकत नाहीत, म्हणतात काही होत नाही. सखारामांचा पुतण्या पोर्ट लुईत वकील, त्याच्या घरी रात्रभर दिवे जळतायत. रोशनदादा कुणाशी बोलत नव्हते. मोठ्या मुलीला नर्सिंगला घातलेलं, दुसऱ्या व्हॅनचे हप्ते चालू. आणि काकी रोज रेवाला तेल लावत होती, डाळ-भात भरवत होती आणि ऑफिसाबद्दल अवाक्षर काढत नव्हती. मला वाटायचं तिला हाताला धरून बसमध्ये घालावं. मला ते करता येत नव्हतं, आणि केलं असतं तरी ती आली नसती.

मंगळवारी सकाळी काकीच्या घराला कुलूप होतं. व्हॅन अंगणात उभी. शेजारीण म्हणाली, मुलांना आज धोंडूंचा ड्रायव्हर घेऊन गेला, काकी पहाटेच कुठेतरी गेली. रेवा बंद दाराकडे हात करून ओरडायला लागली. मी धावत घरी आले, तिला किशनच्या हातात दिलं, म्हटलं आज तू. त्यानं तिला खांद्यावर घेतलं. पुढची बस लवकर मिळाली नाही. पोचले तेव्हा ऑफिस नुकतंच उघडत होतं. मी टेबलावर बसले, शिक्क्याची तारीख फिरवली आणि वर लिफ्टचा आकडा चढायला लागला.

लिफ्ट उघडली. रोशनदादा बाहेर आले.

अंगात पांढरा कडक सदरा, जो ते गणपतीत जाखडी नाचताना-गाताना घालतात तो. ते झपाझप चालत दारापर्यंत आले आणि त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. संपलं, मला वाटलं. माझी नजर शिक्क्यावर गेली. आता मला तो मारायचा होता, त्यांच्या नावापुढे.

मग त्यांच्या मागून, लिफ्टमधून, काकी बाहेर आली. ठेवणीतली साडी, हातात पर्स, पायात त्याच व्हॅन चालवायच्या सपाता. ती सावकाश येत होती. तिला लिफ्टची सवय नव्हती, भिंतीला हात लावून चालत होती.

रोशनदादांनी दार ओढून उघडलं. आणि ते आत आले नाहीत. दार धरून बाजूला उभे राहिले.

"आधी तू, काकी."

"तू उघडलंस, तू जा."

"मोठ्या माणसाच्या आधी मी कधी आत गेलोय?"

"अरे, हे काय देऊळ आहे? जा तू. तुझ्या पोरीची फी आहे."

"फी-बी राहू दे. तू चल आत."

दुसऱ्या लिफ्टचा आकडा चढत होता. तीन, चार. मी काचेच्या आतून दोघांकडे बघत होते, दार उघडं होतं, त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हते. पाच. काकी पर्सचा बंद ठीकठाक करत होती. सहा.

"रोशन, असं बरं दिसत नाही. आपण दोघं मिळून जाऊ."

"दार एवढंसं आहे, काकी."

लिफ्ट उघडली. काळ्या सुटातला एक तरुण, काखेत फाईल, घाईघाईत पुढे आला. सखारामांचा वकील पुतण्या. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या दोघांना पाहिलं आणि एकदम थबकला. मध्ये जागा होती. अंग चोरून तो आत शिरू शकला असता.

त्यानं फाईल दुसऱ्या काखेत घेतली. "नमस्ते, काकी," तो म्हणाला आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, उभा राहिला.

"बघ, मागे माणसं खोळंबलीत," रोशनदादा म्हणाले.

काकीनं मागे वळून पाहिलं. मग पदर खांद्यावरून पुढे घेतला, देवळात शिरताना घेते तसा, आणि आत आली. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली.

"पोरी," ती म्हणाली, "मी सांगायला आलेय."

शिक्का वाकडा उमटला. पार्बती येसू. त्याखाली रोशन महादू. त्याखाली तो वकील, सखारामांच्या वतीनं.

मिस्टर रिव्हे बाहेर आले, तिघांना ओळीनं बसलेलं पाहिलं आणि मला आत बोलावलं.

"हे लोक कबुलीलाही पाळी लावून आले?"

"मला माहीत नाही, सर."

"पहिलं कोण आत आलं?"

"पार्बती येसू."

"नक्की?"

"दार महादूंनी उघडलं. आत त्या आधी आल्या."

त्यांनी रोशनदादांना बोलावलं. माझ्यासमोरच विचारलं, "या बाई तुमच्या आधी आत आल्या असं ही म्हणते. याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे? दार तुम्ही उघडलंत. तुम्हाला यावर काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, नंतर ऐकणार नाही."

"काही नाही," रोशनदादा म्हणाले. "काकी आधी आली."

काकी कशी आली ते मला नंतर कळलं. त्या पहाटे रोशनदादांनी तिच्या फाटकासमोर गाडीचा हॉर्न वाजवला होता. म्हणाले, मी पोर्ट लुईला चाललोय, चल. ती म्हणाली, मला पंगतीतून एकटीला उठता येत नाही रे. ते म्हणाले, मग दोघं उठू. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी दोन दालपुऱ्या घेतल्या, एक तिला दिली.

काकीला दंड झाला नाही. रोशनदादांना अर्धा झाला, तो भरायला त्यांनी दुसरी व्हॅन विकली. सखाराम आणि धोंडूंना पूर्ण. धोंडूंच्या घरचे माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्या वर्षीच्या टेंडरमध्ये पहिल्यांदाच चौघांनी आपापल्या मनानं भाव भरले, आणि ते काम चौघांपैकी कुणालाच मिळालं नाही. दुसऱ्या गावचा एक माणूस, ज्यानं आजवर कधी भरलंच नव्हतं, तो कमी भावात घेऊन गेला. डोंगराचा रस्ता परत सुरू झाला. काकी आता एका छोट्या खासगी शाळेची मुलं नेते. एकदा वळणावर तिला त्या माणसाची व्हॅन दिसली, आणि काच खाली असल्यामुळे गाणंही ऐकू आलं. एकच ओळ, परत परत. हे तिनं मला रेवाला तेल लावताना सांगितलं. आता रेवाचा धाकटा भाऊ तिच्या पायांवर असतो. तो दुपारचा तिच्याकडे असतो, तेव्हाच मी हे लिहू शकते.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी गणपती आला.

यंदा येसूंचा. मला भीती होती की काकीच्या घरी कुणी फिरकणारच नाही. पहिल्या दिवशी आरतीला अंगण अर्धं रिकामं होतं. धोंडूंकडचं कुणी नव्हतं. काकी सगळ्या गावाचा स्वयंपाक करून बसली होती, चार मोठी पातेली, आणि सारखी फाटकाकडे बघत होती. किशन ढोलकीवर थाप मारून बघत होता, परत ठेवत होता. मग रोशनदादा आले. एकटे नाही, जाखडीचा सगळा संच घेऊन. त्यांनी गणपतीच्या पाटापुढे नारळ ठेवला, काकीच्या पाया पडले आणि भिंतीला टेकून पायात चाळ बांधायला बसले. मागोमाग म्हातारे सखाराम आले. म्हणाले, भूक लागलीय.

मी पाण्याचे तांबे मांडत होते. रोशनदादांपाशी जरा वाकले.

"दादा, एक विचारू?"

"विचार. तुझं कामच आहे ते."

"त्या दिवशी दारात. जो आधी आत येईल त्याला पूर्ण माफी, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"पेपरात आलं होतं. वाचता येतं मला."

"मग तरी?"

त्यांनी दोरीची गाठ आवळली, पाय जमिनीवर आपटून चाळ वाजतात का ते पाहिलं आणि आत पातेल्यांजवळ उभ्या असलेल्या काकीकडे मान वळवली.

"मग काय?" ते म्हणाले. "यंदा पाळी येसूंची होती ना."